टोल्किन, लुईस की व्हाइट? ब्रिटिश फँटसी वाचायला कुठून सुरुवात करावी

अभिजात ब्रिटिश फँटसी वाचायची असं मनात आलं की पुढचा प्रश्न लगेच येतो: सुरुवात कोणापासून करायची? आमच्या वाचणाऱ्या मित्रमंडळींत हा विषय निघाला की वाद हमखास रात्री उशिरापर्यंत चालतो आणि प्रत्येक जण आपापल्या लेखकाची बाजू लढवत बसतो. त्यात तीन नावं कायम असतात. जे. आर. आर. टोल्किन (‘द हॉबिट’, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’), सी. एस. लुईस (नार्निया या काल्पनिक देशाची सात पुस्तकं) आणि ज्याला आपल्याकडे फार कमी लोक वाचतात तो टी. एच. व्हाइट (‘द वन्स अँड फ्यूचर किंग’). तिघांचीही ही पुस्तकं १९३७ ते १९५८ या एकवीस वर्षांत आली. मधे एक महायुद्ध होऊन गेलं, आणि ते तिन्हीकडे जाणवतं.

जॉर्ज मॅक्डोनाल्ड, लॉर्ड डन्सेनी हे आधीचे आणि टेरी प्रॅचेट, जे. के. रोलिंग हे नंतरचे लेखक इथे मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. मर्विन पीकसुद्धा. त्याचं ‘टायटस ग्रोन’ (१९४६) मला फार प्रिय आहे, पण त्यात एका अवाढव्य, पडक्या किल्ल्यातलं आयुष्य इतक्या संथपणे पुढे सरकतं की पहिलं पुस्तक म्हणून मी ते कोणाच्याही हातात देणार नाही.

या तिघांत मोठा कोण, हा वाद मी आता घालत नाही. निवड करायला उपयोगी पडेल असा फरक वेगळाच आहे. हातात ताकद आली की माणसाने तिचं काय करायचं, या एकाच प्रश्नाला तिघांनी तीन निरनिराळी उत्तरं दिली आहेत. टोल्किन म्हणतो, टाकून दे. लुईस म्हणतो, ती तुझी नाहीच, ज्याची आहे त्याच्यापुढे वाक. व्हाइट म्हणतो, तिला कामाला लाव. आणि मग तो प्रयत्न कसा फसत जातो ते सहाशेहून अधिक पानं दाखवतो. यातलं कुठलं उत्तर ऐकायला तुमचं मन तयार आहे, त्यावर पुस्तक ठरवा.

दोन मित्र आणि त्यांचं न जुळलेलं मत

टोल्किन आणि लुईस यांची ओळख १९२६ साली ऑक्सफर्डमध्ये झाली. टोल्किन अँग्लो-सॅक्सनचा (म्हणजे जुन्या इंग्रजीचा) प्राध्यापक होता, लुईस मॉडलिन कॉलेजात शिकवत होता. उत्तर युरोपातल्या जुन्या गाथांचं दोघांनाही वेड. दोघांचीही आई लहानपणी गेलेली, दोघंही पहिल्या महायुद्धातून परत आलेले: टोल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होता, लुईस १९१८ साली अरासच्या परिसरात जखमी झाला. तीसच्या दशकात त्यांच्याभोवती ‘इंकलिंग्ज’ हा मित्रांचा गट जमला. गुरुवारी रात्री लुईसच्या कॉलेजातल्या खोलीवर बैठक, मंगळवारी सकाळी ‘ईगल अँड चाइल्ड’ या पबमध्ये गप्पा. गुरुवारी प्रत्येकाने आपलं नवं लिखाण वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी तोंडावर मत द्यायचं, असा रिवाज. ह्यूगो डायसन या मित्राला टोल्किनच्या गोष्टींतले एल्फ (अमर, देखण्या जमातीचे लोक) मुळीच सहन होत नसत, आणि तो ते बोलून दाखवायचा.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या बैठकांमधून प्रकरणाप्रकरणाने वाचलं गेलं. टोल्किनने ते डिसेंबर १९३७ मध्ये लिहायला घेतलं आणि संपवायला १९४९ उजाडलं. मधे तो कितीदा तरी अडला. लुईसने लकडा लावला नसता तर हे पुस्तक कधीच पुरं झालं नसतं, असं टोल्किनने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. १९६१ साली तर लुईसने नोबेलसाठी त्याचं नाव सुचवलं होतं.

लुईसने नार्निया लिहिलं तेव्हा मात्र टोल्किनला ते आवडलं नाही. या नावडीचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण वाचकांचे दोन गट नेमके तिथेच पडतात. नार्नियात रोमन पुराणातला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड) आहे, उत्तरेकडच्या कथांतले बुटके आहेत, बोलणारं बीव्हर जोडपं आहे आणि ऐन गोष्टीत फादर ख्रिसमस घसरगाडीतून येऊन मुलांना भेटी देतो. टोल्किनच्या लेखी हे कडबोळं होतं. त्याची पद्धत नेमकी उलटी होती. आधी भाषा, मग त्या भाषा बोलणारे लोक, मग त्यांचा हजारो वर्षांचा इतिहास, आणि सगळ्यात शेवटी गोष्ट. प्रवासाची अंतरं आणि तारखा जुळाव्यात म्हणून तो त्या त्या रात्री चंद्र कितपत दिसेल याचाही हिशेब ठेवायचा.

लुईसच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून एक चित्र होतं: बर्फाळ जंगलातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन. चाळिशीच्या आसपास त्याने ठरवलं की या चित्राची गोष्ट करून बघू. नार्निया उभं राहिलं ते अशा चित्रांमधून. ज्यांना सगळं जग पायापासून बांधलेलं लागतं त्यांना लुईस अधूनमधून खटकतो. ज्यांना एका चित्राने भारून जायला आवडतं त्यांना टोल्किनची वंशावळ जड जाते. आपण कुठल्या गटातले, हे वाचकाला बहुतेक आधीच माहीत असतं.

टोल्किन: सॅमची भांडी

टोल्किनच्या अंगठीबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे. ती ज्याच्या हाती पडेल त्याला ताकद देते आणि त्याच ताकदीने त्याला पोखरते. म्हणून जे शहाणे आहेत ते तिला हात लावत नाहीत. जादूगार गॅन्डॉल्फ समोर आलेली अंगठी नाकारतो, एल्फांतली थोर गॅलाड्रिएल नाकारते. चांगल्या माणसाच्या हाती दिली तर काय बिघडलं, हा प्रश्न पुस्तकात परत परत विचारला जातो, आणि दर वेळी उत्तर येतं की चांगल्याच माणसाच्या हाती ती सगळ्यात भयंकर.

पण मला हे पुस्तक जिथे सगळ्यात खोल जाऊन भिडलं ती जागा अंगठीची नाही, भांड्यांची आहे. अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोबरोबर आलेला सॅम हा माळी. तो घरून निघताना स्वयंपाकाची भांडी पाठीवर बांधून आणतो आणि ती शेकडो मैल वाहतो. इथिलियनच्या रानात गॉलम (अंगठीने पूर्वीच पोखरलेला वाटाड्या) ससे आणून देतो, तेव्हा सॅम त्यांचा रस्सा करायला बसतो आणि गॉलमलाच तमालपत्र, थाइम, सेज शोधून आण म्हणून सांगतो. गॉलमला शिजवलेलं अन्नच नको असतं, तो साफ नकार देतो. पुढे मॉर्डॉर या शत्रूच्या देशात फ्रोडोला पाऊल टाकवत नाही, पाणी संपत आलेलं असतं, ओझं कमी करणं भाग असतं. तेव्हा सॅम ती भांडी एका भेगेत टाकून देतो, आणि ती खाली आपटत गेल्याचा खणखणाट त्याच्या काळजावर घाव घालतो. परत जायचं नाही, परत कधी कोणासाठी रांधायचं नाही, हे त्याने तिथे मान्य केलेलं असतं. राजे, लढाया, आगीतले राक्षस या सगळ्यांहून मला ही दोन-चार वाक्यं मोठी वाटतात. सॅम उभा करताना आपल्याला १९१४च्या युद्धातले साधे शिपाई आणि अर्दली आठवत होते, असं टोल्किनने सांगितलं आहे. ते वाचल्यावर भांड्यांचा हा प्रसंग आणखी जड होतो.

आता अडचणी. पुस्तक लांब आहे: सहा भाग, ६२ प्रकरणं. रोज रात्री एक प्रकरण वाचलं तर दोन महिने. जे सोडून देतात ते बहुधा पहिल्या दीडशे-दोनशे पानांतच सोडतात. शायर या ठेंगण्या हॉबिट लोकांच्या प्रदेशातून निघायलाच वेळ लागतो, मग जुनं अरण्य येतं, टॉम बॉम्बाडिल गाणी म्हणत येतो. तिथे जीव रमला नाही तर बेधडक पुढे ब्री या गावातल्या सराईपर्यंत जा, फार काही अडणार नाही. ‘द कौन्सिल ऑफ एलरॉन्ड’ हे सभेचं लांबलचक प्रकरण मात्र गाळू नका. कोण कशासाठी निघालं आहे ते तिथेच उलगडतं. परिशिष्टं नंतर वाचा, पण त्यातली अॅरागॉर्न आणि आर्वेनची कथा वाचाच.

पीटर जॅक्सनचे तिन्ही चित्रपट (२००१ ते २००३) पाहिले आहेत, मग पुस्तक कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. चित्रपटांत शेवटचा एक मोठा भाग आलेलाच नाही. चौघे हॉबिट मोहीम फत्ते करून घरी परततात तर गावातली झाडं तोडलेली, जुनी घरं पाडलेली, जागोजागी नियमांच्या पाट्या लावलेल्या. दूरच्या देशातला राक्षस मेला तरी आपल्या गावातली लूट आपल्यालाच थांबवावी लागते, हे टोल्किनने इथे सांगितलं आहे, आणि आज ते प्रकरण मला आणखीच जवळचं वाटतं.

भारतीय वाचकाला बोचणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. या जगाच्या नकाशात शत्रूच्या बाजूने लढणारी माणसं पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून येतात, आणि दक्षिणेकडचे सावळे असतात. हे खुपतं आणि खुपायलाच हवं. तरी त्याच पुस्तकात सॅमच्या जवळ दक्षिणेचा एक सैनिक मरून पडतो, आणि सॅमच्या मनात येतं: याचं नाव काय असेल, हा खरोखर दुष्ट होता का, कोणत्या थापांना बळी पडून घरापासून इतक्या लांब आला, घरीच शांतपणे राहिला असता तर त्याला आवडलं नसतं का? टोल्किनबद्दल मत बनवताना नकाशा आणि हा परिच्छेद दोन्ही समोर ठेवावेत.

‘द हॉबिट’ आधी वाचावं का? घरात आठ-नऊ वर्षांचं मूल असेल तर जरूर. १९३६ साली प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनर अन्विनला, हस्तलिखित वाचायला दिलं आणि त्याच्या पसंतीवर ते १९३७ मध्ये छापलं. पुढे याच रेनरने मोठा होऊन ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापायचं धाडस केलं. युद्धानंतर कागद महाग, म्हणून १९५४-५५ मध्ये ते तीन खंडांत काढावं लागलं. मोठ्या माणसाने थेट मोठं पुस्तक घेतलं तरी चालतं.

लुईस: कपाटामागचा बर्फ

‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) सतरा छोट्या प्रकरणांचं आहे. दोन-तीन बैठकांत हातावेगळं होतं. लंडनवर बॉम्ब पडत असताना खेड्यात पाठवलेली चार भावंडं (पीटर, सुसन, एडमंड आणि लूसी), एका जुन्या घरातलं कपाट, आणि त्यातल्या फरच्या कोटांमागे अचानक पायाखाली कुरकुरणारा बर्फ. लुईसच्या घरीही १९३९ साली अशी मुलं राहायला आली होती.

या पुस्तकातलं खाणं लक्ष देऊन वाचा. फॉन लूसीला घरी नेतो आणि चहाबरोबर उकडलेलं अंडं, टोस्टवर सार्डिन मासे, लोणी-टोस्ट, मध-टोस्ट आणि वर साखर घातलेला केक देतो. चेटकीण एडमंडला डबा भरून टर्किश डिलाइट देते आणि त्यापायी तो भावंडांशी दगा करतो. आपल्याला वाटतं, मिठाईसाठी एवढं? पण ब्रिटनमध्ये मिठाईवरचं रेशनिंग १९५३ पर्यंत चालू होतं. पुस्तक आलं तेव्हा ते वाचणाऱ्या मुलांना डबाभर मिठाई म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं, आणि एडमंडचा मोह त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळला असणार.

लुईसकडे ताकद अस्लान या सिंहाची आहे. मुलं राजे-राण्या होतात ते त्याच्या कृपेने, आणि सगळ्यात मोठं काम तो स्वतःचा जीव देऊन करतो. मागे ख्रिस्ताची कथा आहे हे उघड आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला त्याने अडायचं कारण नाही. त्यागाची गोष्ट आपल्यालाही परकी नाही. माझ्या मते लुईस सर्वांत उत्तम उतरतो तो ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’ (१९५२) मध्ये. हावरट विचार करत ड्रॅगनच्या खजिन्यावर झोपलेला युस्टस स्वतःच ड्रॅगन होऊन जागा होतो. तो आपली कातडी खरवडून काढतो, खाली दुसरी निघते. तीही काढतो, खाली आणखी एक. तीनदा असं झाल्यावर अस्लान सांगतो की हे मला करावं लागेल, आणि त्याची नखं थेट काळजापर्यंत रुततात. माणसाला स्वतःला बदलणं किती जड जातं, हे नऊ वर्षांच्या मुलालाही समजेल अशा भाषेत इथे लिहिलं आहे.

पालकांनी दोन गोष्टी आधी माहीत करून घ्याव्यात. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ (१९५४) आणि ‘द लास्ट बॅटल’ (१९५६) यांत कॅलोरमेन नावाचे पगडीवाले, सावळे, वाकड्या तलवारींचे लोक येतात, आणि त्यांची दरबारी भाषा, गुलामगिरी, क्रूर देव हे सगळं पौर्वात्यांबद्दलच्या जुन्या युरोपीय ठोकळ्यांतून आलेलं आहे. त्यांच्यातलीच अॅराव्हिस ही शूर, मानी मुलगी आणि एमेथ हा सच्चा सैनिक लुईसने मनापासून रंगवले आहेत, तरी घरी वाचून दाखवताना यावर मुलांशी बोलावंच लागतं. दुसरी गोष्ट सुसनची. शेवटच्या पुस्तकात तिला लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांचं निमित्त करून बाहेर ठेवलं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि दर वाचनात तसंच वाटत आलं आहे.

क्रम? आज दुकानात मिळणाऱ्या संचांवर बहुधा नार्नियाच्या काळाप्रमाणे आकडे असतात, म्हणजे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ पहिलं. ते ऐकू नका. ज्या क्रमाने छापली गेली त्या क्रमाने वाचा, कपाटापासून. बर्फात उभा असलेला रस्त्याचा दिवा तिथे कसा आला हे आधीच कळलं तर लूसीबरोबर चकित होण्याची संधी गेली. आणि पॉलीन बेन्सची चित्रं असलेली प्रत बघून घ्या. तिने आधी टोल्किनच्या एका छोट्या पुस्तकासाठी (१९४९) चित्रं काढली होती, आणि तिथूनच ती लुईसकडे आली.

व्हाइट: मुंबईत जन्मलेला

टेरेन्स हॅनबरी व्हाइटचा जन्म २९ मे १९०६ चा, मुंबईतला. वडील इंडियन पोलिसात अधिकारी. आई-वडिलांचा संसार कडवट होता आणि मुलगा लहानपणीच इंग्लंडला आजी-आजोबांकडे गेला. पुढे तो स्टो या शाळेत शिकवू लागला, १९३६ मध्ये नोकरी सोडून रानातल्या एका कॉटेजमध्ये राहिला, ससाणा पाळून त्याला शिकवू पाहिलं, आणि १९३८ मध्ये त्याचं ‘द सोर्ड इन द स्टोन’ आलं. ज्या मुलाला पुढे ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर व्हायचं आहे त्याचं बालपण त्यात आहे. घरात सगळे त्याला वॉर्ट म्हणतात. त्याचा गुरू मर्लिन काळात उलटा जगतो, त्यामुळे पुढचं त्याला आठवतं आणि मागचं त्याच्यासाठी अजून यायचं असतं.

मर्लिन शिकवतो कसा? वॉर्टला मासा करून खंदकात सोडतो. तिथला राजा एक म्हातारा, अवाढव्य पाइक मासा. तो मुलाला सांगतो की प्रेम वगैरे सगळं फसवं, खरी फक्त ताकद, आणि बळी तो कान पिळी हाच कायदा. बोलता बोलता तो थांबतो आणि म्हणतो, आता इथून जा, कारण तुला गिळायची इच्छा मला होऊ लागली आहे. मूल निसटतं ते थोडक्यात. सत्ता म्हणजे काय याचा पहिला धडा असा आहे. नंतर मुंग्या, जिथे जे मना नाही ते सक्तीचं. आणि रानहंस, ज्यांना आकाशातून सरहद्दी दिसतच नाहीत.

एक प्रसंग मी कितीही वेळा वाचू शकतो. किंग पेलिनोर हा म्हातारा सरदार जन्मभर एका चमत्कारिक श्वापदाच्या मागे फिरतो आहे, कारण ते त्याच्या घराण्याचं काम आहे. एकदा दमून तो मित्राकडे गादीवर झोपायला राहतो, आणि श्वापद एकटं पडतं. हिवाळ्यात शिकारीच्या वेळी ते बर्फात मरणपंथाला लागलेलं सापडतं, कोणी पाठलाग करत नाही म्हणून झुरून. पेलिनोर धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतो, माफी मागतो, ऊब द्यायला सांगतो, आणि बरं झालं की पुन्हा पाठलाग करीन असं वचन देतो.

मग पुस्तक मोठं होतं, वयानेही. आर्थर राजा होतो आणि ठरवतो की ताकद आपोआप बरोबर ठरत नाही, पण तिला बरोबर कामाला जुंपता येईल. त्यासाठी त्याच्या सरदारांची गोलमेज. ती सडते, तेव्हा तो सरदारांना ख्रिस्ताच्या पवित्र पात्राच्या (होली ग्रेल) शोधाला पाठवतो. चांगले होते ते त्यात हरवतात. तेव्हा तो कायदा आणतो, सगळ्यांना समान, आणि त्याच कायद्याने एके दिवशी त्याला आपल्या राणीला जाळायची शिक्षा द्यावी लागते. स्वतःच्या शब्दाने बांधला गेलेला भला राजा, आणि ज्यांच्यावर जीव आहे तीच माणसं समोरासमोर. महाभारतावर वाढलेल्या आपल्याला हे दुःख ओळखीचं आहे, आणि म्हणूनच व्हाइट मराठी वाचकाने जास्त वाचावा असं मला कळकळीने वाटतं. लान्सलॉटला, म्हणजे राजाच्या लाडक्या सरदाराला आणि राणीच्या प्रियकराला, त्याने कुरूप केला आहे, आणि आपण आतून वाईट आहोत या भीतीने तो चांगलं वागत राहतो. इतका खरा लान्सलॉट मला दुसरीकडे भेटला नाही.

दोष? मधला मॉर्गॉजचा (आर्थरच्या सावत्र बहिणीचा) भाग कडवट आहे, स्कॉटिश-आयरिश लोकांबद्दल आणि बायकांबद्दल व्हाइटची नजर जागोजागी कोती आहे. लेखक मधेच थांबून स्वतःची मतं सांगतो. मला ते आवडतं, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

प्रत घेताना एक लक्षात ठेवा. १९३८चं ‘द सोर्ड इन द स्टोन’ आणि १९५८च्या एकत्रित ग्रंथातलं त्याच नावाचं पहिलं पुस्तक ही एक नव्हेत. जुन्यात मॅडम मिम ही चेटकीण आणि तिची मर्लिनशी लढाई आहे, नव्यात ती नाही. मुंग्या आणि हंस नव्यात आहेत, जुन्यात नाहीत. मुलांसाठी जुनं, स्वतःसाठी नवं.

भाषा कोणाची किती जड

लुईस सर्वांत सोपा. शाळकरी इंग्रजी पुरतं. टोल्किनची वाक्यरचना सरळ आहे, पण झाडं, डोंगर, दऱ्या, हवा यांचे शब्द भरपूर आणि पुढे पुढे बोलणं जुन्या वळणाचं होत जातं. पन्नास पानांत कान सरावतो. ऐकायचं असेल तर रॉब इंग्लिसचं १९९०चं संपूर्ण वाचन अजूनही माझ्या आवडीचं आहे. अँडी सर्किसचं नवीन आहे आणि नाट्यमय आहे. व्हाइट सर्वांत अवघड: ससाण्यांची, शिकारीची, चिलखतांची परिभाषा तो भराभर वापरतो. प्रत्येक शब्द शोधत बसू नका, त्यालाही तसं अपेक्षित नसावं.

कोणाचा ठसा कुठे

पसाऱ्याने बघितलं तर टोल्किनला तोड नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत स्वस्त आवृत्त्या आल्या आणि विद्यार्थ्यांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. १९७४ मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आधी हॉबिटच होते, हक्कांच्या भानगडीमुळे त्यांचं नाव बदलावं लागलं. आज मुलं मोबाइलवर जे एल्फ, ऑर्क आणि कुऱ्हाडवाले बुटके खेळवतात ते या वाटेने आले. सुरुवातीला नकाशा असलेली जाडजूड त्रिखंडी कादंबरी हा प्रकारच त्याच्यामुळे रुळला.

लुईसचा ठसा त्याच्या विरोधकांवरही दिसतो. फिलिप पुलमनला नार्निया मुळीच मान्य नाही, तरी त्याची ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) सुरू होते तेव्हा त्याची नायिका ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात कपाटातच लपते.

व्हाइटचा प्रभाव दुसऱ्यांच्या नावाने फिरतो. त्याच्या पुस्तकावरून १९६० मध्ये ब्रॉडवेवर ‘कॅमेलॉट’ (आर्थरच्या राजधानीचं नाव) हे संगीत नाटक आलं. केनेडींच्या हत्येनंतर त्यांच्या पत्नीने एका मुलाखतीत त्यातल्या ओळींची आठवण काढली आणि तेव्हापासून केनेडींच्या कारकिर्दीला कॅमेलॉट म्हणतात. (लुईसही त्याच दिवशी गेला, २२ नोव्हेंबर १९६३ ला, आणि त्या गदारोळात त्याच्या जाण्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.) हॅरी पॉटरचा पूर्वज म्हणून रोलिंगने वॉर्टचं नाव घेतलं आहे.

मग घ्यायचं काय

घरात सात ते दहा वर्षांचं मूल असेल तर लुईस, मोठ्याने वाचून दाखवायला, कपाटापासून आणि प्रकाशनाच्या क्रमाने. पहिली तीन वाचा. रंगलं तर पुढे जा.

तुम्ही मोठे आहात, हातात एखादा पावसाळा मोकळा आहे आणि एका जगात राहून यायची इच्छा आहे, तर टोल्किन. ब्रीपर्यंत धीर धरा. नकाशा असलेली छापील प्रत घ्या. फोनवर तो नकाशा नीट दिसत नाही आणि तो सारखा लागतो.

पण जादूचं फारसं आकर्षण नाही, इतिहास, राजकारण, न्याय-अन्याय यांत जीव रमतो, आणि फँटसी हा मुलांचा प्रकार असं तुम्हाला वाटत असेल, तर सरळ व्हाइट घ्या. मला एकाच मित्राला एकच पुस्तक द्यायचं असेल तर आज मी ‘द वन्स अँड फ्यूचर किंग’ देईन. टोल्किनपर्यंत माणसं आपण होऊन पोचतात, व्हाइट कोणीतरी हातात द्यावा लागतो. त्यानंतर ‘द बुक ऑफ मर्लिन’ वाचायची घाई नको. युद्धकाळात प्रकाशकाने बाजूला ठेवलेला तो शेवटचा भाग १९७७ साली, व्हाइटच्या मृत्यूनंतर छापला गेला, आणि त्यातले मुंग्या-हंसांचे चांगले प्रसंग व्हाइटने आधीच मोठ्या ग्रंथात आणले होते.

आणि ज्यांना नार्निया उपदेशी वाटलं म्हणून लुईस सोडून द्यावासा वाटतो, त्यांनी त्याचं ‘टिल वी हॅव फेसेस’ (१९५६) एकदा वाचून बघावं. क्युपिड आणि साइकीची जुनी कथा, साइकीच्या कुरूप थोरल्या बहिणीने सांगितलेली. देवांविरुद्ध ती तक्रार लिहायला बसते आणि तिची तक्रार लुईस मन लावून ऐकतो. ते मुलांसाठी नाही, लांबही नाही, आणि लुईसचं सर्वांत चांगलं लिखाण तेच आहे असं मला वाटतं.